पिस्तुलावर रेड डॉट बसवताय? आधी स्क्रूकडे बघा

रेंजवर नवीन आलेलं कुणीही माझ्या पिस्तुलावरची ती छोटी काचेची चौकट, म्हणजे रेड डॉट साइट, बघितली की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, ह्यातून लेझर निघतो का?" नाही निघत. टार्गेटवर कुठलाही ठिपका पडत नाही. आत एक बारीकसा एलईडी असतो, तो समोरच्या वक्र काचेवर उजेड टाकतो, आणि त्या काचेचं कोटिंग असं असतं की ती लाल उजेड तेवढा तुमच्या डोळ्याकडे परत पाठवते, बाकीचं आरपार जाऊ देते. एलईडी काचेच्या बरोबर फोकसवर बसवलेला असतो म्हणून किरण समांतर होऊन येतात आणि ठिपका काचेवर नाही तर लांब टार्गेटच्या अंगावर तरंगतोय असं वाटतं. कल्पना तशी जुनी, १९०० साली हॉवर्ड ग्रब नावाच्या आयरिश दुर्बीणवाल्याने काढलेली. बॅटरीवाला डॉट १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंटने आणला, तोही लांब बंदुकांसाठी, पिस्तुलावर मावेल एवढा लहान व्हायला पुढे बरीच वर्षं गेली.

मी डॉटकडे वळले त्याचं कारण एकदम घरगुती आहे, चाळिशी लागली. साध्या साइटमध्ये मागची खाच, पुढचा खांब आणि टार्गेट अशा तीन गोष्टी तीन अंतरांवर असतात, डोळ्याला एका वेळी एकच स्पष्ट दिसते आणि कोच ओरडत असतात की पुढच्या खांबाकडे बघ. पंचेचाळिशीनंतर तो खांबच धुरकट होतो. वाचायचा चष्मा लावला तर खांब दिसतो आणि टार्गेट गायब. डॉटमध्ये ही कसरतच संपते, टार्गेटकडे बघायचं, ठिपका आपोआप तिथे असतो.

आता थंड पाणी. तुम्हाला १० मीटर एअर पिस्तूलच्या स्पर्धा खेळायच्या असतील, जिल्हा, राज्य, नॅशनल वगैरे, तर डॉट घेऊ नका. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात पिस्तुलाला फक्त उघडी साइट चालते, भिंग, लेझर, इलेक्ट्रॉनिक ठिपका सगळं बाद. मनू भाकरचं २०२४ चं पॅरिसचं पदक असो की आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतचं २०१८ च्या एशियन गेम्सचं सुवर्ण, दोन्ही साध्या साइटवरच आलेली. म्हणजे स्टायर, मोरिनी, वॉल्थरचं मॅच पिस्तूल हातात असेल तर त्यावर डॉट चढवायच्या भानगडीत पडू नका. आयपीएससीसारख्या प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये (फिरत फिरत, वेळ लावून मारायचं ते) मात्र डॉटसाठी वेगळे गटच आहेत. आणि माझ्यासारखं रविवारी सकाळी वरळीच्या रेंजवर जाऊन छान शंभर छर्रे मारून यायचं असेल तर कोण अडवतंय. रेंज ऑफिसरला आधी दाखवून घ्या म्हणजे झालं.

कुठल्या पिस्तुलावर?

यूट्यूब उघडलं की अमेरिकेतले दादा लोक ग्लॉकवर डॉट बसवताना दिसतात, ते ९ मिमी असतं आणि आपल्याकडे ९ मिमी हे प्रोहिबिटेड बोअर, सामान्य माणसाला मिळत नाही. त्यामुळे तिकडचं सगळंच्या सगळं इकडे लागू होत नाही हे डोक्यात ठेवूनच ते व्हिडिओ बघा. मुंबईतल्या नवख्या माणसाकडे साधारण तीनपैकी एक काहीतरी असतं. पहिलं, .१७७ म्हणजे ४.५ मिमीचं एअर पिस्तूल, २० ज्यूलच्या आतलं, ज्याला लायसन्स लागत नाही. दुसरं, क्लबच्या माध्यमातून .२२ चं स्पोर्ट पिस्तूल. तिसरं, लायसन्सवरचं .३२. ह्या तिसऱ्याच्या स्लाइडवर, म्हणजे गोळी सुटली की मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर, डॉटसाठी जागा कापलेली नसते, ती कापायची म्हणजे मशीनिंग आलं, आणि कुणाच्या तरी ओळखीच्या लेथवाल्याकडून हे करून घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. दुसऱ्याचं हत्यार नुसतं दुरुस्त करायलाही आर्म्स ॲक्टखाली लायसन्स लागतं. त्यामुळे .३२ असेल तर आधी लायसन्सवाला डीलर आणि पोलीस आयुक्तालयाची लायसन्स ब्रांच, मग बाकीचं. डॉट परदेशातून मागवायचा विचार असेल तरी हेच, ऑर्डर देण्याआधी डीलरला विचारा, कस्टममध्ये पार्सल अडकल्यावर नाही.

.२२ मध्ये रुगर मार्क ४ सारखं पिस्तूल डॉटसाठी फार सोयीचं, कारण त्यात वरचा भाग जागचा हलत नाही, आतला बोल्ट तेवढा मागेपुढे होतो आणि डॉट आपला निवांत बसून राहतो. स्लाइडवर बसवलेला डॉट मात्र प्रत्येक गोळीला स्लाइडबरोबर धाडकन मागे जाऊन पुढे येतो, त्यामुळे तो दणकट लागतो आणि महागही पडतो.

एअर पिस्तुलात एक गंमत आहे जी मला कुणी सांगितली नव्हती. स्प्रिंगचं पिस्तूल दिसायला गरीब, पण त्याचा झटका दोन्ही बाजूंनी बसतो. पिस्टन पुढे सुटताना पिस्तूल मागे येतं आणि पिस्टन जाऊन आदळला की उलट पुढे फेकलं जातं. बऱ्याच साइट फक्त एका दिशेचा झटका सोसायला बनवलेल्या असतात, त्यांचं आतलं सगळं ह्या ढकलाढकलीत सैल होतं. सीओटू किंवा पीसीपीवर (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारं) हा त्रास जवळजवळ नाहीच. म्हणून स्प्रिंगवालं असेल तर डॉट घेताना विचारा, स्प्रिंग एअरगनवर चालेल असं कंपनीने लिहून दिलंय का. दुकानदाराच्या "चालतं हो मॅडम" वर जाऊ नका, मी गेले होते.

डॉट निवडताना

ठिपक्याचा आकार एमओए (मिनिट ऑफ अँगल, कोनाचं माप) मध्ये मोजतात. १ एमओए म्हणजे १०० मीटरवर साधारण २.९ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या १० मीटरवर २.९ मिलिमीटर. आता एअर पिस्तूलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं. ३ एमओएचा ठिपका तिथे ८.७ मिमी भरतो, दहाच्या आत बसतो. ६ एमओएचा साडेसतरा मिमी, म्हणजे दहा पूर्ण झाकून वर उरतो. कागदावर नेम धरायचा तर २-३ एमओए घ्या, डबे पाडायचे, पटापट एकावरून दुसऱ्यावर जायचं तर ६ बरा, लगेच डोळ्यात भरतो. दोघांच्या मध्ये लटकत असाल तर लहान घ्या, ब्राइटनेस वाढवला की लहान ठिपकाही मोठा वाटतो, मोठ्याला लहान करता येत नाही.

घ्यायच्या आधी एकदा डोळ्याला लावून बघाच. ठिपका गोल न दिसता स्वल्पविराम, द्राक्षाचा घोस किंवा चांदणीसारखा फुटलेला दिसला तर लगेच साइट खराब म्हणून परत करू नका. फोनचा कॅमेरा मागून लावून फोटो काढा. फोटोत गोल आणि तुम्हाला फुटलेला, तर दोष डोळ्यात आहे, ॲस्टिग्मॅटिझम म्हणतात त्याला, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. ब्राइटनेस कमी केला की बराच फरक पडतो, काहींना हिरवा ठिपका जास्त रेखीव दिसतो. माझ्या मैत्रिणीने दोन डॉट बदलले आणि शेवटी बदलायचा होता तो चष्मा.

उघडा की बंद, हा खरा मुंबईचा प्रश्न. उघड्या प्रकारात एलईडी मागे उघड्यावर असतो आणि पुढे एकच काच. हलका, स्वस्त, खिडकी मोठी. पण एलईडीवर पाण्याचा एक थेंब बसला की ठिपका फिसकटतो नाहीतर गायबच होतो. बंद प्रकारात पुढेमागे दोन काचा आणि मधलं सगळं सील. जून ते सप्टेंबर वरळीच्या समुद्रावरून येणारी ती खारी, चिकट हवा ज्याने अनुभवली आहे त्याला मी बंदच घे म्हणेन, पैसे थोडे जास्त गेले तरी. फक्त कोरड्या हॉलमध्ये मारणार असाल तर उघडा चालून जातो.

बॅटरी सीआर२०३२ वाली बघा, दादर स्टेशनबाहेर घड्याळवाल्याकडेही मिळते. आणि बॅटरीचं झाकण वर किंवा बाजूला हवं. काही मॉडेलमध्ये बॅटरी खाली असते, ती बदलायची तर अख्खा डॉट काढायचा, परत बसवायचा, परत झिरो करायचं, म्हणजे ठिपका आणि छर्रा एका जागी जुळवायचे. ऑटो ब्राइटनेसचं कौतुक मला फारसं नाही. तो सेन्सर तुम्ही उभे आहात तिथला उजेड मोजतो, तुम्ही अंधाऱ्या शेडमध्ये आणि टार्गेट भगभगीत उजेडात असेल तर ठिपका इतका मंद होतो की दिसतच नाही. प्लस मायनसची साधी बटणं असलेला घ्या.

ऑनलाइन नामांकित कंपन्यांच्या डॉटसारखे हुबेहूब दिसणारे स्वस्त डॉट मिळतात, ते एअरसॉफ्टच्या खेळण्यांसाठी बनवलेले असतात. सीओटूवर एकवेळ चालतील, .२२ वर भरवसा नको.

आणि पैसे भरण्याआधी शेवटचं, तो बसणार कशावर ते बघा. एअर पिस्तुलाच्या पाठीवर बहुतेक वेळा ११ मिमीचा डव्हटेल असतो, म्हणजे दोन बारीक तिरक्या खाचा. पिकॅटिनी रेल म्हणजे रुंद, साधारण २१ मिमीची, आडव्या खाचांची शिडी. एकाचा माउंट, म्हणजे डॉट धरून ठेवणारा आधार, दुसऱ्यावर बसत नाही, मध्ये ॲडाप्टर लागतो, ॲडाप्टर म्हणजे अजून एक सैल होणारी जागा. स्लाइडवर थेट बसणाऱ्या डॉटचं तर वेगळंच प्रकरण, त्यांच्या तळाच्या भोकांचे नमुने ठरलेले असतात, आरएमआर, आरएमएससी, डॉक्टर वगैरे (ही नमुन्यांची नावं), आणि पिस्तुलावरच्या प्लेटचा नमुना त्याच्याशी जुळलाच पाहिजे, थोडक्यासाठी बसवून टाकू हे इथे नाही.

बसवायला बसा

पहिल्यांदा पिस्तूल रिकामं. एअर पिस्तूल असेल तर नळीत छर्रा नाही हे बघा आणि सीओटू किंवा सिलिंडर काढून ठेवा. .२२ असेल तर मॅगझिन बाहेर, चेंबर उघडून डोळ्याने बघा, मग करंगळी घालून बघा. गोळ्या दुसऱ्या खोलीत. मुलं झोपल्यावर करा हे काम, कारण ते बारीक स्क्रू आमच्या घरी एकदा डिंकाच्या लाडवाच्या डब्यात सापडलेत.

आता माझी फजिती सांगते म्हणजे पुढचं सगळं का ते कळेल. पहिला डॉट मी स्प्रिंगच्या पिस्तुलावर लावला, हाताने घट्ट केला, रेंजवर गेले. पहिले पाच छर्रे छान एकत्र, थोडे खाली. क्लिक फिरवले, म्हणजे ठिपका सरकवायचा डॉटवरचा स्क्रू. पुढचे पाच अजून वेगळीकडे. परत फिरवले. असे दोन रविवार मी त्या बिचाऱ्या डॉटचे कान पिळत होते, मग माझ्या ग्रिपला शिव्या, मग श्वासाला, मग नवऱ्याने उशिरा चहा दिला त्याला. शेवटी शेजारच्या लेनवरच्या काकांनी पिस्तूल हातात न घेताच नुसतं वाकून बघितलं आणि म्हणाले, "अगं, तुझा माउंट चालत चाललाय." खरंच, प्रत्येक झटक्याला तो डव्हटेलवरून केसभर मागे सरकत होता. डॉट पहिल्या दिवसापासून बरोबर दाखवत होता.

म्हणून: डव्हटेल किंवा रेल, माउंटचा तळ आणि सगळे स्क्रू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेल काढा. नवीन मालावर कारखान्यातलं तेल असतंच, त्यावर काहीही टिकत नाही. मग माउंट कोरडाच बसवून बघा. डुगडुगतो का, एका कोपऱ्यावर उचलला जातो का. रेलवर असेल तर माउंटची आडवी पट्टी खाचेत घालून पुढच्या बाजूला ढकलून धरायची आणि मगच आवळायचं. स्प्रिंग पिस्तूल असेल तर माउंटला स्टॉप पिन हवी, जी पिस्तुलाच्या पाठीवरच्या भोकात अडकते आणि मागे सरकू देत नाही. माझ्या पहिल्या माउंटला ती पिनच नव्हती.

स्क्रूची लांबी बघा. भोकात चारेक पूर्ण आटे तरी बसले पाहिजेत, कमी असेल तर आटे सोलटून निघतात, जास्त लांब असेल तर आत जाऊन काहीतरी अडवतो. स्लाइडवाल्या पिस्तुलात उजव्या बाजूचा लांब स्क्रू एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) स्प्रिंगवर दाबून बसतो आणि मग ते काडतूस बाहेर पडेना म्हणून लोक भलतंच शोधत बसतात. डॉट लावल्यावर स्लाइड हाताने दोन-चारदा ओढून बघा, आधीसारखी सरकली पाहिजे.

मग थ्रेडलॉकर, स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद. निळा घ्यायचा, लाल नाही, लाल लावला तर पुढे काढताना हीटगन शोधत फिराल. एक थेंबसुद्धा जास्त होतो, आट्यांवर नुसतं बोट फिरवल्यासारखं. आणि प्लास्टिकचा माउंट किंवा प्लास्टिकची बॉडी असेल तिथे लावूच नका, त्या रसायनाने प्लास्टिकला तडे जातात. काचेवर उडाला तर संपलंच.

आवळायचं किती? डॉटचे स्क्रू बारीक असतात, बऱ्याच कंपन्या १२ इंच-पाउंडच्या आसपास सांगतात, म्हणजे साधारण १.३५ न्यूटन मीटर. तुमच्या डॉटच्या कागदावर असेल तो आकडा खरा. हा जोर किती कमी आहे हे मनगटाला कळत नाही, म्हणून छोटा टॉर्क स्क्रूड्रायव्हर घ्या, नागदेवी स्ट्रीटला दोन तास घालवलेत तर मिळतो आणि भाव करता येतो. क्लबमधल्या चार जणांत मिळून एक घेतलात तरी चालेल. दोन स्क्रू असतील तर एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही करायचं, ह्याला अर्धा फेरा, त्याला अर्धा फेरा. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर अशी एक सरळ रेघ पांढऱ्या नेलपेंटने मारा, आणि माउंटच्या मागच्या कडेला पिस्तुलावर अजून एक. रेघ तुटलेली दिसली की काहीतरी हललंय. पंधरा रुपयांचं नेलपेंट आहे, माझे दोन रविवार वाचवले असते त्याने.

मग २४ तास हात लावू नका. थ्रेडलॉकरला पूर्ण सुकायला तेवढा वेळ लागतो. मला माहितीये, जमत नाही.

झिरो करणं

घरीच अर्धं काम होतं. साधी साइट डॉटच्या खिडकीतून दिसत असेल तर ती नेहमीसारखी जुळवा आणि ठिपका फिरवत फिरवत पुढच्या खांबाच्या टोकावर आणून ठेवा, टाचणीवर टाचणीचं डोकं असतं तसा. एवढ्याने पहिला छर्रा कागदावर तरी लागतो.

रेंजवर १० मीटरला हात टेकवून, वाळूच्या पिशवीवर किंवा गुंडाळलेल्या टॉवेलवर, पाच मारा. पाचही मारून होईपर्यंत क्लिकच्या स्क्रूला हात लावायचा नाही, एका छर्र्याच्या मागे धावलात तर दिवस जाईल. पाचांचा मध्य कुठे पडतो ते बघा. बहुतेक डॉटमध्ये १ क्लिक म्हणजे १ एमओए, म्हणजे इथे जवळजवळ ३ मिमी. मध्य २१ मिमी खाली आणि १५ मिमी डावीकडे असेल तर ७ क्लिक वर, ५ क्लिक उजवीकडे. त्या स्क्रूजवळचा बाण छर्रा कुठे सरकेल ते दाखवतो, ठिपका नाही, निदान बहुतेक डॉटवर तरी, कागद वाचून घ्या. परत पाच. तीन फेऱ्यांत जमायला हवं. चौथ्या फेरीतही तो इकडेतिकडे पळत असेल तर क्लिक सोडा, नेलपेंटची रेघ बघा.

डॉट नळीच्या वर तीन-चार सेंटीमीटर बसतो, त्यामुळे १० मीटरला झिरो केलेलं पिस्तूल घरातल्या पॅसेजमध्ये ५ मीटरवर मारलंत तर एक-दोन सेंटीमीटर खाली लागणार, ते बरोबरच आहे, तिथे क्लिक फिरवू नका. (वन बीएचकेत मारत असाल तर मागे जाड पेलेट ट्रॅप, डोळ्याला गॉगल, दार बंद आणि शेजारच्या आजींना आधी सांगून.)

पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटतं आपला हात जास्त थरथरतोय. थरथर आधीही तेवढीच होती, साध्या साइटमध्ये ती दिसत नव्हती, आता ठिपका नाचून दाखवतो. त्याला पकडून दहावर थांबवायला जाऊ नका, तो नऊ-दहामध्ये झुलत असताना ट्रिगर सावकाश मागे येऊ दे. ठिपका बरोबर दहावर आला की झटकन ओढायचा मोह होतो आणि तोच छर्रा सातात जातो. आणि पिस्तूल वर आणल्यावर ठिपका सापडतच नसेल तर पिस्तूल गोल गोल हलवून शोधू नका, घरी रोज वीसदा रिकामं पिस्तूल टार्गेटकडे बघत बघत वर आणायची सवय करा, आठवड्यात मनगट शिकतं.

पावसाळा आणि बाकीचं

काच पुसायला ओढणीचं टोक नाही, नेलपॉलिश रिमूव्हर तर नाहीच. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मायक्रोफायबर. एसी गाडीतून उतरून लगेच मारायला उभं राहिलात तर काचेवर वाफ धरते, पाच मिनिटं बाहेरच्या हवेत ठेवा. फोमच्या केसमध्ये पिस्तूल महिनोन्‌महिने ठेवू नका, फोम दमट हवा धरून ठेवतो, पिस्तुलाला गंज आणि काचेला बुरशी, कॅमेरावाल्यांना विचारा. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या महिन्याला बदला.

कॉक करताना डॉटला मुठीत धरून ओढायची सवय लावून घेऊ नका, नवीन लोक हमखास करतात. ने-आण करताना पिस्तूल बंद केसमध्ये, सोबत बिल, ओळखपत्र आणि क्लबचं कार्ड, स्टेशनवर बॅग स्कॅन झाली की कुणी विचारायच्या आधी आपणच शांतपणे सांगायचं की एअर पिस्तूल आहे. मला एकदा दोन लोकल सोडाव्या लागल्या, कार्ड घरी राहिलं होतं.

पहिल्या पन्नास छर्र्यांनंतर स्क्रू एकदा तपासा, मग दर महिन्याला नुसती रेघ बघितली तरी पुरे. बॅटरी मी खंडेनवमीला बदलते, चालू असली तरी. त्या दिवशी पिस्तूल पाटावर येतंच, हळदकुंकू लावायच्या आधी जुनी बॅटरी काढायची, नवीन घालायची, काच पुसायची. हळद काचेपासून लांब ठेवा, एलईडीवर उडाली तर निघता निघत नाही.